ओरडलो मी, बदलला बेल्ट

मित्रांनो, भिंतीजवळच्या लाकडी फळीवर बोल्ट मारून बसवलेला हा काळपट, तेलकट ऐवज दिसतोय ना, तो मी. माझं नाव टेन्शनर. हसू आलं ना? येऊ द्या, सगळ्यांनाच येतं. एका निळ्या गाडीच्या इंजिनात मी नऊ वर्षं इमानेइतबारे नोकरी केली. आता माझं वय झालं, कामावरून मला काढलं, पण माझा स्वभाव काही गेला नाही. तो पहिल्यापासून जळका आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नकोत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओतीव ॲल्युमिनियमचा एक हात, त्या हाताच्या मुळाशी गुंडाळून बसवलेली जबरदस्त स्प्रिंग आणि टोकाला एक गुळगुळीत चाक, म्हणजे पुली. पुलीच्या आत बेअरिंग. बेअरिंगमध्ये पोलादाच्या इवल्या इवल्या गोळ्या आणि त्यांच्याभोवती ग्रीस. ते ग्रीस एकदा भरून तोंड बंद केलं की आयुष्यभराची शिदोरी तेवढीच. पुन्हा कुणी विचारत नाही, बाबा रे, काही हवं नको आहे का. मला तरी कुणी विचारलं नाही.

माझं काम काय ते सांगतो. इंजिनाच्या एका अंगाला चार-पाच पुल्या असतात. एक बॅटरी चार्ज करते, एक पाणी खेळवून इंजिन थंड ठेवते, एक गाडीत गारवा करते, एक स्टेअरिंग हलकं ठेवते. या सगळ्यांना फिरवतो एकच लांब काळा बेल्ट. तो सैल पडला की सगळ्यांचं काम ठप्प. त्याला सैल पडू द्यायचं नाही, हे माझं काम. उन्हात रबर ताणलं, थंडीत आखडलं, तरी मी स्प्रिंगच्या जोरावर त्याला बरोबर हवा तेवढाच दाबून धरायचो. ना कमी, ना जास्त.

आणि कौतुक कुणाचं? बेल्टचं!

बॉनेट उघडलं की जो तो वाकून विचारणार, "बेल्ट कसा आहे?" बोटाने दाबून बघणार, वळवून बघणार, त्याला भेगा पडल्यात का म्हणून बॅटरी मारून बघणार. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चित्र चिकटवलेलं होतं, बेल्ट कुठून कुठे जातो त्याचं. त्यात बेल्टसाहेब मोठ्या जाड रेषेने काढलेले. मी कोपऱ्यात एक गोल. त्यातही बेल्टच्या पोटाला लांब खाचा असतात आणि त्या बाकीच्या पुल्यांच्या खाचांत बसतात. त्यांचं कसं अगदी गळ्यात गळा. माझी पुली गुळगुळीत, म्हणून माझ्या वाट्याला त्याची पाठ. नऊ वर्षं, मित्रांनो, मी फक्त एका पाठीला टेकून काढली. जळणार नाही तर काय करणार?

गाडी एका नर्सबाईंची होती. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, असं त्यांचं काम. त्यातली निम्मी घरं टेकडीवर होती. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, आणि एका बाजूला खोल उतार. सकाळी सातला त्या निघायच्या. वरच्या घरातली एक आजी त्यांची वाट बघत खिडकीशी बसलेली असायची, असं त्या फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलंय.

गाडीला काही झालं की सिस्टर एकाच गॅरेजमध्ये यायच्या. पत्र्याचं छप्पर, दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर प्रत्येक पान्याची खडूने काढलेली आकृती. पाना काढला की रिकामी आकृती लगेच दिसायची आणि मेस्त्री ओरडायचे, "तेरा नंबर कुठंय?" तिथे काम करणारी माणसं दोनच. मेस्त्री आणि त्यांची लेक. लेक तिशीची, हातात काम घेतलं की मान वर न करणारी.

मेस्त्रींची ख्याती होती ती त्यांच्या कानांची. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची. मग डोळे मिटून सांगायचे, "पाण्याचा पंप. दोन महिने काढेल." आणि तो बरोबर दोन महिनेच काढायचा. दुसरी एक युक्ती त्यांनी लेकीला शिकवली होती. चालू बेल्टवर थोडं पाणी मारायचं. चिरका आवाज लगेच थांबला तर दोष बेल्टचा. नाही थांबला तर दुसऱ्या कुणाचा तरी. लोक लांबून लांबून गाड्या घेऊन यायचे ते या कानांसाठी.

आठव्या वर्षाच्या शेवटी माझी शिदोरी संपली. आतलं ग्रीस आटलं, गोळ्या एकमेकींवर घासू लागल्या, हाताचा सांधा झिजून डुगडुगू लागला. मी ओरडायला लागलो. सकाळी गाडी सुरू झाली की बारीक, चिरका, लांबलचक आवाज. सिस्टर गाडी घेऊन आल्या.

मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर काढला. इकडे टेकवला, तिकडे टेकवला आणि मग, मित्रांनो, माझ्या बोल्टवर टेकवला. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला कान दिला होता! मी जीव तोडून ओरडलो. होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. मेस्त्रींनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "बेल्टच आहे. जुना झालाय."

मी अवाक झालो. पण खरं सांगू? लगोलग मला गुदगुल्या झाल्या. आरोळी माझी आणि गच्छंती त्याची! तो काळा पाठमोरा प्राणी कोपऱ्यातल्या पिंपात जाऊन पडला तेव्हा मी मनात म्हटलं, बरी जिरली.

पण जिरली कसली? त्याच्या जागी दुसरा आला. नवा कोरा, पाकिटातून काढलेला, रबराचा वास येणारा. तो घट्ट होता, त्यामुळे माझी डुगडुग काही दिवस दबली आणि आवाज थांबला. झालं! सगळं श्रेय त्याला. सिस्टर म्हणाल्या, "मेस्त्रीकाका, काय सुरेख चालतेय हो गाडी! नवा बेल्ट म्हणजे नवा बेल्ट." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हा कालचा आलेला, अजून एक टेकडी चढला नाही, आणि सुरेख?

तीन महिन्यांनी मी पुन्हा ओरडलो. या खेपेला मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरसुद्धा घेतला नाही. "हल्ली मालच असा येतो," म्हणाले, "बदलून टाकू."

लेक हळूच म्हणाली, "बाबा, टेन्शनर एकदा फिरवून बघू का?"

"काय?"

"टेन्शनर! फिरवून बघू का?"

"त्याला काय धाड भरलीये? गपगुमान बसलाय तो."

गपगुमान! मी घसा फोडून ओरडत होतो आणि हे म्हणतात गपगुमान! त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली. मग मी लक्ष ठेवलं. बाहेरून कुणी हाक मारली तर मेस्त्री वळत नव्हते. लेक काही बोलली की तिच्या ओठांकडे बघत होते. रेडिओ इतका मोठा की पत्रा थरथरत होता. जाड, दणकट आवाज त्यांना ऐकू येत होते. बारीक आणि चिरके नव्हते. आणि माझा आवाज नेमका बारीक, चिरका. ज्या एका माणसाने माझं ऐकावं असं मला वाटत होतं, त्याच्याच कानांतून मी गळून गेलो होतो.

तेव्हा मी सिस्टरांचा विचार करायला हवा होता. माझं बेअरिंग आता कधीही जाम होणार होतं. मी जाम झालो की बेल्ट माझ्यावर घासून जळणार, तुटणार. बेल्ट तुटला की स्टेअरिंग एकदम दगडासारखं जड होणार. आणि हे टेकडीच्या वळणावर झालं तर? मला हे सगळं कळत होतं. पण मत्सर फार वाईट. माझ्या मनात काय आलं ते लाज सोडून सांगतो. मी म्हटलं, तुटू दे मेला एकदा. तुटला म्हणजे सगळ्यांना कळेल की त्याला कोण धरून होतं. असं म्हणताना मला गाडीत बसलेली बाई आठवली नाही.

तिसऱ्या खेपेला सिस्टर आल्या त्या काळजीतच. "मेस्त्रीकाका, उद्या सकाळी मला वर जायचंय. तिघांच्या पट्ट्या आहेत. हा आवाज काही मला ठीक वाटत नाही."

"काळजी करू नका हो," मेस्त्री म्हणाले. "आत्ता दाखवतो तुम्हाला. इंजिन चालू कर गं."

लेकीने इंजिन चालू केलं. मी किंचाळलो. मेस्त्रींनी बाटली घेतली आणि बेल्टवर पाण्याची धार मारली. मी किंचाळतच होतो. का नाही किंचाळणार? दोष बेल्टचा असता तर आवाज थांबला असता. दोष माझा होता. मी पूर्वीइतकाच, किंबहुना दोन सूर वर चढून ओरडत होतो.

मेस्त्रींनी हात वर केला. चेहऱ्यावर हसू. "बघा! थांबला की नाही? बेल्टच आहे."

गॅरेजमध्ये माझ्या किंचाळण्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. सिस्टर गोंधळून म्हणाल्या, "पण काका, येतोय की अजून."

"छे! कुठे येतोय?"

सिस्टरांनी लेकीकडे बघितलं. "ताई, तुम्हाला येतोय ना?"

लेकीने बापाकडे बघितलं. बाप तिच्या ओठांकडे बघत होता. इतकी वर्षं लोक ज्या कानांसाठी येत होते, त्या कानांची लाज राखायची की खरं बोलायचं, हे तिला एका क्षणात ठरवायचं होतं. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "थांबला वाटतं."

"मग माझेच कान वाजतायत," सिस्टर म्हणाल्या. गाडी तिथेच सोडून जवळच्या एका घरी कुणाला तरी इंजेक्शन द्यायला गेल्या. चारला येते म्हणाल्या.

मेस्त्री खुशीत होते. लांब पाना माझ्या बोल्टला लावून त्यांनी माझा हात मागे वळवला आणि सैल पडलेला बेल्ट सर्रकन ओढून काढला. मग नवा बेल्ट घ्यायला मांडणीकडे वळले. तिसरा नवरदेव! मी जळफळत बसलो.

एवढ्यात लेकीने हात घातला आणि एका बोटाने माझी पुली फिरवली. इंजिन बंद, बेल्ट नाही, शांतता. घर्र, खट, घर्र, खट, असा माझा आवाज अख्ख्या गॅरेजभर झाला. मेस्त्री दोन हातांवर पाठमोरे उभे होते. ते वळले नाहीत. तिने पुन्हा जोरात फिरवली. वळले नाहीत. ती म्हणाली, "बाबा." तरीही वळले नाहीत.

तिने जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ते वळले.

"बाबा, मी मघाशी खोटं बोलले."

"काय?"

"आवाज थांबला नव्हता!" ती मोठ्याने म्हणाली. "जरासुद्धा थांबला नव्हता. बेल्ट नाही, टेन्शनर गेलाय."

मेस्त्रींचा चेहरा लाल झाला. "चाळीस वर्षं हे काम करतोय मी. तू पान्याचे नंबर शिकत होतीस तेव्हा मी इंजिनं उतरवत होतो. मला शिकवतेस? आधीच लोक येतात ते ताई आहे का विचारत येतात. मी काय इथे शोभेला बसलोय?"

मित्रांनो, तो राग मी लगेच ओळखला. तो माझ्या घरचाच होता. आपण मागून सगळं धरून ठेवायचं आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं, याने पोटात जे दुखतं ना, तेच दुखत होतं त्यांच्या. फक्त त्यांचा बेल्ट म्हणजे त्यांची स्वतःची पोर होती.

लेक भांडली नाही. तिने त्यांचा उजवा हात धरला, गाडीजवळ आणला आणि त्यांची दोन बोटं माझ्या मधल्या बोल्टवर टेकवली. दुसऱ्या हाताने माझी पुली फिरवली.

"कानाने नको," ती म्हणाली. "हाताने ऐका."

मी फिरलो. आतल्या गोळ्या खडबडत गेल्या. त्या बोटांखाली मी नऊ वर्षांचं सगळं गाऱ्हाणं ओतलं. मेस्त्रींची बोटं घट्ट झाली. त्यांनी लेकीचा हात बाजूला केला आणि मला स्वतः फिरवलं. मग पुली धरून हलवून बघितली. मी पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगलो. ते बाजूच्या टायरवर जाऊन बसले.

तिथूनच म्हणाले, "कधीपासून?"

"मागच्या बेल्टच्या आधीपासून."

"त्याचं नाही विचारत. माझे कान कधीपासून?"

ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली, म्हणजे त्यांना तिचे ओठ दिसावेत. "दीड वर्ष झालं असेल."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"आणि उद्या सकाळी सिस्टर वळणावरून खाली गेल्या असत्या म्हणजे? तेव्हा कुणाला वाईट वाटलं असतं?"

लेक रडायला लागली. मेस्त्रींनी खिशातला रुमाल काढला, तो तेलाने माखलेला निघाला, म्हणून परत ठेवला आणि बाहीनेच तिचे डोळे पुसले. "मी ऐकलं नाही, तू बोलली नाहीस," ते म्हणाले. "चल, ऊठ. नवीन टेन्शनर आण."

आणि आला, मित्रांनो! माझ्या जागेवर बसणारा आला. चकचकीत, स्प्रिंग कडक, अंगावर ओरखडा नाही. मला काढताना दोन बोल्ट सोडले, ओढलं, बाकावर टाकलं. त्याला बसवताना मात्र दोघांची डोकी एकमेकांना चिकटलेली. "नीट बसव हं." "हो बाबा." "आधी बेल्ट चढव, मग स्प्रिंग अडकवून ठेवणारी पिन काढ." त्याची पुली बोटांनी फिरवून मेस्त्री म्हणाले, "वा! लोणी आहे लोणी." मला बाकावरून उडी मारून त्याच्या अंगावर पडावंसं वाटलं. मीही एके काळी लोणीच होतो. तेव्हा कुणी बोट लावलं नाही.

चार वाजता सिस्टर आल्या. मेस्त्रींनी मला त्यांच्यासमोर धरलं आणि माझी पुली फिरवून दाखवली. "आवाज याचा होता. दोन बेल्ट मी उगाच बदलले. तुमचे कान वाजत नव्हते, सिस्टर. माझे गेलेत."

हे त्यांनी लेकीच्या देखत, मान वर ठेवून सांगितलं. सिस्टर त्यांच्या तोंडासमोर येऊन, स्पष्ट शब्दांत म्हणाल्या, "काका, सोमवारी दहाला तयार राहा. कानाच्या डॉक्टरांकडे नेते तुम्हाला. याच गाडीतून." नको, बघू, काम आहे, असं म्हणायची त्यांनी सोयच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी टेकडी चढून आली. लेक मला भंगारात टाकायला निघाली होती, पण मेस्त्री म्हणाले, "तो दे इकडे." त्यांनी मला या फळीवर बसवलं. शेजारी एक धडधाकट टेन्शनर बसवला आणि खाली खडूने लिहिलं. त्याच्याखाली 'चांगला', माझ्याखाली 'खराब'. आहे की नाही नशीब? निवृत्तीनंतरही शेजारी कुणीतरी सरस बसवलेलाच. रोज सकाळी मेस्त्री डोळे मिटून आधी त्याला फिरवत, मग मला, आणि बोटांना शिकवत. लेक समोर उभी राहून विचारी, "कोणता?" ते सांगत. पहिल्या आठवड्यात चुकत, मग चुकेनासे झाले.

मग एक दिवस मेस्त्रींच्या कानात मशीन आलं. वाटाण्याएवढं. मित्रांनो, त्याचे काय लाड सांगू! रोज संध्याकाळी मऊ फडक्याने पुसतात, डबीत निजवतात, लेक विचारते, "मशीन घेतलंत ना बाबा?" मला कुणी नऊ वर्षांत फडकं लावलं नाही. मी त्याच्याकडे बघून जळत होतो, तेवढ्यात मेस्त्री फळीपाशी आले. नेहमीसारखं माझं चाक फिरवलं, आणि एकदम दचकून हात मागे घेतला.

त्यांनी पुन्हा फिरवलं. मान वाकवून कान अगदी जवळ आणला. तिसऱ्यांदा फिरवलं.

"एवढ्या मोठ्याने ओरडत होता हा?" ते लेकीला म्हणाले. "एवढ्या मोठ्याने?"

"हो बाबा."

ते कितीतरी वेळ मला फिरवत उभे राहिले. बाहेर दोन गाड्या खोळंबल्या होत्या, पण ते ऐकत होते. माझ्या उभ्या आयुष्यात माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जे मागे उभं राहून मुकाट्याने धरून ठेवतं, त्याला अधूनमधून हात लावून बघा. ते कुरकुरलं तर शेजाऱ्याला बदलू नका, त्याचं काय दुखतंय ते विचारा. आणि तुमच्या घरात कुणी दर वाक्याला "काय?" म्हणत असेल तर त्याला बरं वाटावं म्हणून खोटं हो म्हणू नका. त्याच्यासमोर बसा, त्याचा हात धरा आणि खरं ते सांगा. त्याला राग येईल. येऊ द्या. मेस्त्रींनाही आला होता, आणि आज सकाळी सिस्टर टेकडीवरच्या आजीची पट्टी बदलून सुखरूप खाली आल्या.